मे वेलंडला सगळं कळत होतं: 'द एज ऑफ इनोसन्स'मधल्या लग्नाविषयी

शेवंती

एडिथ वॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स'चा विषय निघाला की बोलणं हमखास न्यूलंड आर्चर आणि काउंटेस एलेन ओलेन्स्का यांच्या अधुऱ्या प्रेमावर जातं. मला या धाग्यात आर्चरच्या लग्नाबद्दल बोलायचंय. लग्न ठरणं, लागणं आणि लागलेलं लग्न निभावणं यातच कादंबरीचा मोठा भाग जातो, आणि माझ्या मते वॉर्टनबाईंचा खरा जीव तिथेच गुंतला आहे. (पुढे शेवटापर्यंतचं कथानक उघड केलंय. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.)

वाचून बरीच वर्षं झालेल्यांसाठी थोडक्यात: काळ १८७० च्या दशकाची सुरुवात, जागा न्यूयॉर्क. पिढ्यानपिढ्या आपसांत सोयरिकी करणारी मोजकी श्रीमंत घराणी. आर्चर वकील आहे, भरपूर वाचतो आणि आपण या गोतावळ्यापेक्षा जरा वेगळे आहोत असं त्याला वाटतं. मे वेलंडशी त्याचं लग्न ठरतंय, तेवढ्यात मेची मामेबहीण एलेन पोलिश नवऱ्याला सोडून युरोपातून परत येते. ऑपेराच्या बॉक्समध्ये घरच्यांनी तिला उघडपणे शेजारी बसवलेलं पाहून सगळं थिएटर कुजबुजायला लागतं. मेच्या घराण्याला आधार म्हणून आर्चर त्याच रात्री बोफर्ट नावाच्या सावकाराकडच्या बॉलमध्ये (नाचाच्या समारंभात) साखरपुडा जाहीर करायला लावतो. म्हणजे एलेनपायीच हे लग्न लवकर जाहीर होतं. पुढे ज्या गाठीतून सुटायला तो तडफडतो, ती त्याने स्वतः घाईने मारून घेतलेली आहे.

आता मे. आर्चरच्या नजरेतून ती उंच, गोरी, निरोगी, तिरंदाजीत बक्षीस मिळवणारी आणि आत फारसं काही नसलेली मुलगी आहे. अडचण अशी की अख्खी कादंबरी आपण आर्चरच्याच नजरेतून वाचतो. त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही सहजी दिसत नाही. पण बाईंनी खुणा ठेवल्यात.

सेंट ऑगस्टीनचा प्रसंग आठवा. एलेनपासून पळ काढून आर्चर फ्लोरिडात मेकडे जातो आणि लग्न लवकर करूया म्हणून मागे लागतो. ही मुलगी त्याला सरळ विचारते, दुसरं कुणी आहे का? आईवडिलांना वाटतं तेवढं मुलींना कमी कळत नसतं, असंही सांगते. कुणावर अन्याय करून मिळालेलं सुख मला नको, म्हणून त्याला मोकळं करायला तयार होते. तिच्या मनात असते आर्चरची जुनी भानगड, एका विवाहित बाईबरोबरची. ती बाई कोण हे ओळखण्यात मे चुकते, पण याचं मन दुसरीकडे आहे हे ती अचूक ओळखते. आर्चर काय करतो? संशय त्या जुन्या प्रकरणाचा आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो तिची समजूत घालून मोकळा होतो. सबंध कादंबरीत या दोघांमध्ये खरं बोलण्याची एवढीच एक संधी येते, आणि ती मे आणते. माझ्या मते हे लग्न तिथेच हरलेलं आहे, चर्चमध्ये जायच्या आधी.

लग्नानंतरचा भ्रमनिरास वॉर्टनबाईंनी भांडणातून दाखवलेलाच नाही. मधुचंद्राच्या प्रवासात लंडनमध्ये आर्चरला रिव्हिएर नावाचा एक फ्रेंच शिक्षक भेटतो. पैसा नाही, पण मनाने स्वतंत्र असलेला, पुस्तकांवर भरभरून बोलणारा. याला जेवायला बोलवावं, असं आर्चर मेला म्हणतो. ती हसून विचारते, तो बुटका फ्रेंच माणूस? किती सामान्य होता! विषय संपला. तो वाद घालत नाही. पुढे आपले बरेच प्रश्न असेच, नकारातून, परस्पर सुटत जाणार हे मात्र त्याला लख्ख दिसतं. दोन-चार ओळींचा प्रसंग आहे, पण मला तो कुठल्याही मोठ्या कडाक्याच्या भांडणापेक्षा भयंकर वाटतो.

आणि मे किती बारीक पाहते त्याचा पुरावा हवा असेल तर ते वॉशिंग्टनचं प्रकरण काढा. एलेन तिथे राहत असते. आर्चर घरी सांगतो, पेटंटच्या खटल्यासाठी वॉशिंग्टनला जातोय. मे शांतपणे म्हणते, एलेनला भेटून ये हं. वरवर एवढंच वाक्य. त्यातून तिने त्याला काय काय कळवलंय, हे सांगायला वॉर्टनबाई पुढे मोठा परिच्छेद खर्च करतात: लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, तू का जातोस तेही ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही कळू दे. नंतर मे आणि एलेनची आजी आजारी पडते, एलेनच न्यूयॉर्कला यायला निघते, मग हा म्हणतो खटला पुढे ढकललाय. मे लगेच विचारते, पण त्याच्या फर्ममधले लेटरब्लेअर तर निघालेत त्याच खटल्याला? खोटं उघडं पडतं आणि ते पडलंच नाही असं ती दाखवते. आर्चरला त्या क्षणी स्वतःच्या खोट्यापेक्षा तिचं ते न पकडल्यासारखं करणं जास्त बोचतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की या कादंबरीत भ्रमनिरास एकट्या आर्चरचा झालेला नाही. नवऱ्याचं मन दुसरीकडे आहे हे मेला लग्नाआधीपासून जाणवत होतं, आणि ते जाणून ती त्याच्याबरोबर जन्म काढते. तिचा भ्रमनिरास आपल्याला आतून दाखवला जात नाही, म्हणून वाचक तो धरतच नाहीत. तुम्ही मेला कशी वाचता?

सह्यकडा

शेवंती, धागा फार आवडला, पण मेला एवढी सहानुभूती द्यायला माझं मन धजत नाही. शेवटाकडचं तिचं वागणं बघा. म्युझियममध्ये एलेन आर्चरला एकदा भेटायला यायचं कबूल करते. तेवढ्यात मे आजीकडे एलेनला गाठते, दोघींचं खूप वेळ बोलणं होतं. त्यानंतर आर्चरने एलेनला पाठवलेली किल्ली टिश्यू पेपरात गुंडाळून, बंद पाकिटातून त्याच्या ऑफिसात परत येते. सोबत चिठ्ठीचा चिटोरासुद्धा नाही. एलेन युरोपला परत निघते. कारण वाचकाला कधी कळतं? निरोपाची मेजवानी उरकल्यावर. आर्चर लायब्ररीत मेला सांगायला लागतो की मला लांब कुठेतरी प्रवासाला जायचंय, भारत किंवा जपान. तेव्हा ती म्हणते, मला बरोबर नेल्याशिवाय जाता येणार नाही आणि डॉक्टर मला बहुतेक सोडणार नाहीत. तिला दिवस गेलेत. आणि हे तिने एलेनला दोन आठवड्यांपूर्वीच सांगितलेलं असतं, स्वतःची खात्री नसताना. खात्री नव्हती पण मी सांगितलं, आणि बघ, खरं निघालं, असं ती नवऱ्याला म्हणते. त्या वेळी तिच्या ओल्या डोळ्यांत विजय असतो, असं वॉर्टनबाईंनी स्पष्ट लिहिलंय.

सगळं कळणारी बाई आणि दुसऱ्याचं सगळं ठरवून टाकणारी बाई, यात फरक आहे. मे दुसऱ्या प्रकारची आहे. सेंट ऑगस्टीनला ती मोकळं करायला तयार होती हे खरं, पण लग्न झाल्यावर तिने तो दरवाजा बाहेरून लावून घेतला.

चांदणवेल

मी फक्त सिनेमा पाहिलाय, मार्टिन स्कॉर्सेसीचा १९९३ चा. त्यात विनोना रायडरची मे इतकी गोड दिसते की शेवटच्या त्या लायब्ररीतल्या प्रसंगात अंगावर काटा आला. ती खुर्चीतून उठून त्याच्याकडे येते तेवढ्यातच त्याचं सगळं आयुष्य ठरून जातं. सिनेमात मे काळ्याभोर केसांची आणि मिशेल फायफरची एलेन सोनेरी केसांची आहे. पुस्तकात उलटं आहे ना?

शेवंती

हो चांदणवेल, पुस्तकात मे गोरी, सोनेरी केसांची आणि एलेनचे केस तपकिरी. सिनेमाला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं आणि ते अगदी रास्त होतं. या समाजात कपडे हीच एक भाषा आहे. नव्या नवरीने पहिली एक-दोन वर्षं लग्नाचा पोशाख पुन्हा घालून मिरवायचा, अशी तिथली रीत. मे तो ऑपेराला घालून जाते, आर्चर तिला लवकर घरी घेऊन येतो, आणि गाडीतून उतरताना तो पोशाख पायरीत अडकून फाटतो, चिखलाने भरतो. त्याच रात्री तो तिला एलेनबद्दल सांगायला तोंड उघडतो आणि ती त्याला एलेनच्या जाण्याची बातमी देते.

हडसनकाठ

मी जर्सी सिटीत राहतो, म्हणून मला ते गाडीतलं प्रकरण फार जवळचं आहे. आजारी आजीसाठी एलेन वॉशिंग्टनहून येते, तेव्हा तिला घ्यायला आर्चर जर्सी सिटीच्या स्टेशनवर जातो. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या गाड्या तेव्हा नदीच्या अलीकडेच थांबत आणि पुढे घोडागाडीसकट फेरीबोटीने हडसन ओलांडावी लागे. वाट बघत उभ्या आर्चरच्या मनात येतं, की एक दिवस नदीखालून बोगदा होईल आणि गाड्या थेट न्यूयॉर्कात शिरतील असं म्हणणारे लोक आहेत. विमान, बिनतारी टेलिफोन, विजेचे दिवे यांची स्वप्नं बघणारेही त्याच पंथातले, असं त्याला वाटतं. कादंबरी आली त्या १९२० च्या वाचकाच्या डोळ्यांसमोर यातलं बरंचसं घडून गेलेलं होतं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा बोगदा १९१० मध्ये सुरूसुद्धा झाला होता. आज मी रोज त्याच नदीखालून काही मिनिटांत पलीकडे जातो.

मुद्दा असा की ज्या गाडीत ही दोघं बसतात ती गाडी मेची आहे. गर्द निळी, लग्नात मिळालेली, तिच्यावरचं वॉर्निशसुद्धा अजून ताजं. ती पाठव असं आर्चरनेच सुचवलेलं आणि मेने ती पाठवलेली. त्या गाडीत बसून आर्चर एलेनला सांगतो, की मला तुझ्याबरोबर अशा जगात जायचंय जिथे बायको, रखेल असले शब्दच नसतील. त्यावर एलेन विचारते, कुठे आहे तो देश? तू कधी गेला आहेस का तिथे? तो देश शोधायला निघालेले कितीतरी लोक तिने पाहिलेत. वाटेतल्या स्टेशनांवरच ते चुकून उतरले, बूलोन, पिसा, मॉन्टे कार्लो अशा ठिकाणी. आणि ती जागा त्यांनी सोडलेल्या जुन्या जगापेक्षा जराही वेगळी नव्हती, फक्त लहान आणि कळकट होती.

भ्रमनिरास म्हणाल तर एलेनचा कधीच होऊन गेलाय. या तिघांत खोटी आशा बाळगणारा आर्चर एकटाच आहे. दोन्ही बायका त्याच्यापेक्षा शहाण्या आहेत.

ओसरी

हडसनकाठ, शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

तळटीप

माझा व्यवसाय वकिलीचा, त्यामुळे एका गोष्टीकडे लक्ष वेधते. न्यूयॉर्क राज्यात १७८७ पासून १९६६ पर्यंत घटस्फोटाला व्यवहारात व्यभिचार हे एकच कारण चालत असे. ज्यांना परवडत असे ते दुसऱ्या राज्यात जाऊन घटस्फोट घेत. या पार्श्वभूमीवर आर्चर वकील म्हणून एलेनला काय सांगतो? कायदा घटस्फोटाला अनुकूल आहे, समाजाच्या चालीरीती नाहीत. हा सल्ला कायद्याचा नाहीच. तो मेच्या माहेरचा निरोप आहे, फक्त वकिलाच्या तोंडून आलेला. आणि आर्चर त्या घरचा होणारा जावई आहे. हितसंबंध आड येत असताना असं प्रकरण हातात घेणं आज तर गैरवर्तन ठरेल. त्याच्या फर्ममधल्या ज्येष्ठांनी ते त्याच्या गळ्यात घातलं हे मान्य, पण त्याने ते झटकलं नाही.

नवऱ्याच्या पत्रात एलेनवर आरोप असतो. तिला तिथून निसटायला मदत करणाऱ्या सेक्रेटरीचं आणि तिचं काही होतं असं सुचवलेलं असतं. आर्चर तिला स्पष्ट विचारतच नाही. ती गप्प राहते तेव्हा आरोप खरा असणार असं तो स्वतःशीच धरून चालतो आणि बदनामीची भीती घालून तिला मागे वळवतो. ती विचारते, माझं स्वातंत्र्य काहीच नाही का? तरी तिचं मन वळवतो. पुढे तो प्रेम व्यक्त करतो तेव्हा ती सांगते, त्या पत्रातल्या कशालाच मला भ्यायचं कारण नव्हतं. तुझ्या घराण्याला आणि तुझ्या लग्नाला त्रास नको म्हणून मी माघार घेतली, आणि आता तू म्हणतोस आपण एकत्र येऊ? हे अशक्य करून ठेवलंस ते तूच.

सह्यकडा यांनी मेवर ठेवलेला आरोप मला म्हणून अर्धवट वाटतो. दुसऱ्याचं आयुष्य परस्पर ठरवून टाकण्याचं काम आधी आर्चरने केलंय, चांगल्या हेतूने आणि अपुऱ्या माहितीवर. मेने केलं ते त्यानंतर.

सह्यकडा

तळटीप, घटस्फोटाच्या सल्ल्याचा हा कोन महत्त्वाचा आहे. पण आर्चरने अजाणता केलं, मेने जाणूनबुजून.

जुनापुराणा

वॉर्टनबाईंचं स्वतःचं आयुष्य समोर ठेवलं तर या चर्चेला खोली येईल. जन्म १८६२, न्यूयॉर्क, याच वर्तुळातल्या जोन्स घराण्यात. म्हणजे कादंबरीचा काळ हा त्यांच्या लहानपणचा काळ. १८८५ मध्ये एडवर्ड वॉर्टनशी लग्न. लग्नाआधी भीतीने आईला काही विचारायला गेल्या तर आईने झिडकारून लावलं, ही आठवण त्यांनीच लिहून ठेवलीय. मेच्या अज्ञानाबद्दल आर्चर चिडून विचार करतो, की हा निरागसपणा आया-मावश्यांनी आणि मेलेल्या आज्यांनी कसबाने घडवलाय, तो राग मला थेट तिथून आलेला दिसतो. नवरा-बायकोचं जमलं नाही. त्याचं मानसिक आजारपण वाढत गेलं, बायकोच्या पैशांची त्याने अफरातफर केली. १९१३ मध्ये बाईंनी पॅरिसमध्ये घटस्फोट घेतला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. एलेनला जे करू दिलं गेलं नाही ते त्यांनी प्रत्यक्षात केलं, आणि पुढचं आयुष्य एलेनसारखंच फ्रान्समध्ये काढलं.

कादंबरी लिहिली पहिल्या महायुद्धानंतर. युद्धकाळात त्यांनी फ्रान्समध्ये निर्वासितांसाठी प्रचंड काम केलं होतं. मागे वळून पाहताना जुन्या न्यूयॉर्कबद्दल त्यांच्या मनात राग आणि माया दोन्ही आहेत, म्हणून पुस्तक एकसुरी झालं नाही. १९२१ चं पुलित्झर त्याला मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: त्यांनी आधी केलेले कथानकाचे कच्चे आराखडे उपलब्ध आहेत. एकात आर्चर ठरलेलं लग्न मोडून एलेनशी लग्न करतो. सुखी होतात का? नाही. तिचा न्यूयॉर्कात जीव घुसमटतो, याला न्यूयॉर्कवाचून करमत नाही, आणि दोघं वेगळी होतात. म्हणजे आर्चरने एलेनशी लग्न केलं असतं तरी भ्रमनिरास चुकणार नव्हता, हे लेखिकेने कागदावर मांडून पाहिलं होतं. 'मेऐवजी एलेन असती तर' या हळहळीला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

ओसरी

जुनापुराणा, ही माहिती इथे मांडलीत म्हणून मनापासून आभार. आराखड्यांबद्दल वाचून कादंबरीतले कितीतरी प्रसंग वेगळे दिसायला लागले.

मला या समाजाच्या लग्नातल्या पैशाबद्दल लिहायचंय, कारण ते बाजूला राहतंय. बोफर्ट नावाचा सावकार बुडतो, त्याच्याबरोबर अर्धं न्यूयॉर्क बुडतं. त्याची बायको रेजिना रात्री आजी मिंगॉटकडे येते, आमच्या पाठीशी उभ्या राहा म्हणते. आजी सुनावते: त्याने तुला दागिन्यांनी मढवलं तेव्हा तू बोफर्ट होतीस, आता बदनामीने मढवलंय तेव्हाही बोफर्टच राहायचं. त्या धक्क्याने आजीला झटका येतो. आणि बरी झाल्यावर हीच आजी एलेनला मात्र सांगते की नवऱ्याकडे जाऊ नकोस, माझ्याजवळ राहा, तुझ्या खर्चाचं मी बघते. एकच बाई, एका पोरीला नवऱ्याबरोबर बुडायला सांगते आणि दुसरीला नवऱ्यापासून वाचवते. घरच्या इतरांनी एलेनचे पैसे बरेच कमी करवले होते, तिने नवऱ्याकडे परत जावं म्हणून. आजीने पुन्हा हात सैल केला नसता तर एलेनच्या सगळ्या स्वाभिमानाला विचारतं कोण? पुस्तकातलं मला सर्वांत आवडणारं पात्र ही आजीच आहे.

आणि ती मेजवानी! एलेनच्या निरोपासाठी आर्चरच्याच घरी, मेच्याच पुढाकाराने. चांदीची भांडी, फुलं, छापील मेनू, उजव्या हाताला पाहुणी म्हणून एलेन. टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवताना आर्चरच्या ध्यानात येतं, की या सगळ्यांच्या मते मी आणि एलेन कधीचे एकमेकांचे झालेलो आहोत, आणि हे सगळे माझ्या बायकोच्या बाजूने जमलेत. कुणी आवाज चढवत नाही. जेवण झाल्यावर व्हॅन डर लायडन हे समाजातलं बडं जोडपं एलेनला आपल्या गाडीतून घेऊन जातं. घरापर्यंत सोडायचीसुद्धा संधी त्याला मिळत नाही. रक्ताचा थेंब न सांडता जीव घेण्याची जुन्या न्यूयॉर्कची रीत, असं बाईंनी म्हटलंय ते तंतोतंत खरं आहे. त्याच मेजवानीत लॉरेन्स लेफर्ट्स, जो स्वतः बाहेर चार भानगडी करतो, तो तावातावाने सांगतो की असंच चाललं तर आपली मुलं उद्या बोफर्टच्या अनौरस पोरांशी लग्नं करतील. पुढे आर्चरचा थोरला मुलगा डॅलस बोफर्टच्याच मुलीशी लग्न ठरवतो, सगळ्यांच्या आनंदाने. ज्या नियमांसाठी एलेनला बाहेर काढलं त्यांचं आयुष्य एका पिढीचंसुद्धा नव्हतं, याचा मला फार संताप येतो.

सह्यकडा

मेबद्दल माझा मुख्य मुद्दा राहिला आहे. शेवंती, तुम्ही म्हणता तिला सगळं कळत होतं. पण शेवटच्या प्रकरणात, सव्वीस वर्षांनंतर, तिच्याबद्दल काय लिहिलंय? ती उदार होती, निष्ठावान होती, थकत नसे. पण कल्पनाशक्ती इतकी कमी आणि वाढ इतकी खुंटलेली, की तिच्या तरुणपणचं जग कोसळून नव्याने उभं राहिलं तरी तिला पत्ता लागला नाही. मुलंसुद्धा आपली मतं तिच्यापासून लपवत, जशी आर्चर लपवत असे. घरात सगळे मिळून काहीही बदललं नाही असा देखावा करत. धाकट्या बिलची शुश्रूषा करताना तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली, तीही जग चांगलं आहे अशाच समजुतीत. हे वाचल्यावर 'मेचा भ्रमनिरास' कुठे शोधायचा? तो झालाच नाही, असं लेखिका सांगते. तिला वाचवण्यासाठी सगळं घर खोटं वागत होतं.

शेवंती

सह्यकडा, हा आक्षेप धाग्यातला सर्वांत वजनदार आहे. त्याला नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

ते वर्णन येतं तेव्हा सत्तावन्न वर्षांचा आर्चर लायब्ररीत बसून मागचं आठवतोय. मेचं हे चित्र त्याचं आहे, जन्मभर त्याने स्वतःशी बाळगलेलं. आणि त्याच प्रकरणात, थोड्याच पानांनंतर, वॉर्टनबाई ते चित्र फोडतात. पॅरिसमध्ये डॅलस वडिलांना सांगतो, की आई जायच्या आदल्या दिवशी तिने मला एकट्याला बोलावून घेतलं होतं. ती म्हणाली, तुमच्याजवळ आम्ही मुलं सुरक्षित आहोत आणि राहू, कारण एकदा तिने मागितलं तेव्हा तुम्हाला सर्वांत हवी असलेली गोष्ट तुम्ही सोडली होती. आर्चर थोडा वेळ गप्प राहतो आणि मग एवढंच म्हणतो, तिने मला कधी मागितलं नाही. त्यावर पोरगा हसून म्हणतो, तुम्ही लोकांनी एकमेकांना कधी काही विचारलंच नाहीत, नुसते बसून एकमेकांकडे बघत राहिलात आणि आत काय चाललंय त्याचे अंदाज करत राहिलात.

ज्या बाईला काही पत्ता नव्हता तिने मरताना मुलाला हे कसं सांगितलं असतं? सव्वीस वर्षं ती ते मनात धरून होती. त्यातला 'मी मागितलं' हा भाग मला सगळ्यात हलवून टाकतो. तिने शब्दाने कधीच मागितलं नव्हतं. पण एलेनला भेटून ये म्हणणं, स्वतःची गाडी पाठवणं, ती मेजवानी, ती बातमी, हे सगळं तिच्या लेखी मागणंच होतं. ते त्याला ऐकू गेलं आणि त्याने दिलं, असं ती मानत होती. आणि आर्चरच्या काळजाभोवतीचा लोखंडी पट्टा सुटल्यासारखा होतो, कारण आपलं दुःख कुणीतरी ओळखलं होतं, त्याची कणव केली होती. ते कुणीतरी आपली बायको होती, हे कळून तो मनातून हेलावतो. हे त्याला ती गेल्यावर कळतं. असा भ्रमनिरास मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही: बायकोबद्दलचा त्याचा आयुष्यभराचा समज मोडतो, आणि मोडल्यावर तिची किंमत वाढते.

तुमचा विजयाच्या डोळ्यांचा मुद्दा मी नाकारत नाही. मेने एलेनवर वार केला, तो जाणून केला. ती बाई साधी नव्हती एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यात तुमचा मुद्दा भरच घालतो.

चांदणवेल

मग तो शेवटी पॅरिसला एलेनच्या घराखालच्या बाकावरच बसून राहतो, वर का जात नाही? बायको गेलेली, एलेनसुद्धा एकटी, मुलगा बरोबर घेऊन आलाय, पाचव्या मजल्यापर्यंत जायचंय फक्त. सिनेमात मला त्याला हाताला धरून उठवावंसं वाटलं.

ओसरी

भित्रा आहे म्हणून. न्यूपोर्टला समुद्राकाठी एलेन पाठमोरी उभी असते तेव्हाही तो स्वतःशी पैज लावतो, ती शिडाची होडी दीपस्तंभापलीकडे जायच्या आत तिने वळून पाहिलं तर जाईन. ती वळत नाही, हा परत फिरतो. नंतर ती सांगते, तू आलेला मला कळलं होतं, मी मुद्दाम वळले नाही. निर्णय दुसऱ्यावर टाकायची त्याची सवय तिथेही दिसते. पॅरिसच्या बाकावर तेच.

जुनापुराणा

ओसरी, मला तिथे भित्रेपणा दिसत नाही. सव्वीस वर्षांत तो बराच बदललाय. लग्न रटाळ कर्तव्य असलं तरी त्या कर्तव्याची प्रतिष्ठा राखली तर चालतं, ती सुटली की उरते ती नुसती ओंगळ वासनांची झुंज, हे त्याने अनुभवाने पत्करलंय. मेच्या मृत्यूचं त्याला खरं दुःख झालंय. आणि वर जाऊन त्याला भेटणार कोण? पन्नाशी उलटलेली, त्याला अनोळखी असं आयुष्य जगून झालेली बाई. ती त्याच्या मनातल्या एलेनपेक्षा वेगळीच असणार. मुलाला तो सांगतो, मी जुन्या वळणाचा आहे एवढंच सांग तिला. मला ते वाक्य एलेनला बरोबर कळलं असणार असं वाटतं.

तळटीप

मला मात्र एक विचारावंसं वाटतं. एलेनने त्या सव्वीस वर्षांत काय केलं हे आपल्याला कुणी सांगतच नाही. मेचा निरोप निदान मुलाच्या तोंडून तरी पोचतो. एलेन नवऱ्याकडे परत गेली नाही, पॅरिसला एकटी राहिली, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला, तिने पुन्हा लग्न केलं नाही, एवढंच. आर्चरचं लग्न वाचवायला तिने जे दिलं त्याचा हिशेब ना आर्चर विचारतो ना मे. शेवंती, मेच्या बाजूने तुम्ही इतकं छान लिहिलंत, तसं एलेनवर कुणीतरी स्वतंत्र धागा काढायला हवा.

सह्यकडा

शेवंती, तुमच्या उत्तरानंतर मी ते प्रकरण पुन्हा उघडून बसलो. मला आता असं म्हणावंसं वाटतं की मेला तिचा नवरा पुरता कळला होता, पण जग कळलं नव्हतं. मुलं मतं लपवत होती हेही खरं आणि मरताना तिने डॅलसला जे सांगितलं तेही खरं. ही दोन्ही वाक्यं वॉर्टनबाईंनी एकाच प्रकरणात ठेवलीत ती जाणीवपूर्वकच. विजयाच्या डोळ्यांवरून मी मात्र हटणार नाही.

शेवंती

सह्यकडा, तुमची ही विभागणी मला पटते. तळटीप, एलेनवरचा धागा तुम्हीच काढा, घटस्फोटाच्या सल्ल्यापासून सुरुवात करा. तुमच्या हाताखालून ते प्रकरण वाचायला मला आवडेल. रिव्हिएरचं तिथे जरूर घ्या. तो एलेनच्या नवऱ्याचा निरोप्या म्हणून अमेरिकेत येतो, आणि तिला बदललेली पाहिल्यावर आर्चरलाच विनवतो की तिला परत जाऊ देऊ नका. मेने ज्याला जेवायला बोलावण्याच्या लायकीचा मानलं नाही, तोच माणूस एलेनची बाजू घेतो.